‘दो आँखें बारह हाथ’ : अटींचा भंग आणि डोळ्यांचा पहारा

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची चर्चा प्रायः मानवतावादाच्या अंगाने होते. ग. दि. माडगूळकरांच्या या कथेला औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ मध्ये वसलेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या कारागृहाचा आधार आहे. विसापूरचे खुले कारागृह ज्या नगर जिल्ह्यात आहे, तेथील अभ्यासकाला मात्र निराळा प्रश्न पडतो : मिळालेली सवलत पुनःपुन्हा मोडणाऱ्याचे काय करावे?

चित्रपटातील सहा कैदी पळतात. परंतु जेलर आदिनाथचे डोळे त्यांचा पाठलाग करतात आणि ते परततात. ते का पळाले, याची चौकशी होत नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाची दृष्टी अधिक रुक्ष, पण माझ्या मते अधिक न्याय्य आहे. (खुनाच्या गुन्ह्यास त्यातील परिवीक्षा लागू नाही, हे मान्य, तुलना तत्त्वापुरतीच.) कलम ९ नुसार अट मोडणाऱ्याचे म्हणणे न्यायालयाला आधी ऐकावे लागते. भंग पहिलाच असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवता येते. पुढील भंगास हा मार्ग उरत नाही, मूळ गुन्ह्याची शिक्षा समोर येते. पहिली चूक आणि जडलेली सवय यांतील हा भेद पटकथेला ठाऊकच नाही. आदिनाथ मरतो, डोळे मागे राहतात आणि सवलत रद्द करण्याचा अप्रिय निर्णय कोणालाच घ्यावा लागत नाही. ज्याला ते डोळे दिसलेच नसते, असा सातवा कैदी माडगूळकरांनी कथेत घेतलेला नाही.