गाळलेल्या ठोक्यांचं संगीत

डर्बनच्या ग्कॉम संगीताविषयी काहीही वाचायला घेतलं, की तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात तो संगणक येतोच. जुनाट, चार मित्रांत मिळून एकच. त्यावर पैसे न मोजता मिळवलेलं एफएल स्टुडिओ हे संगीताचं सॉफ्टवेअर, स्वस्तातले स्पीकर, वस्तीतली एक खोली. एवढं चित्र उभं राहिलं की लेखक निष्कर्षावर येतो: साधनं तुटपुंजी होती, म्हणून संगीत असं उघडंबोडकं निघालं. अमापियानोने जगभरचे डान्स फ्लोअर काबीज केल्यापासून दक्षिण आफ्रिकेच्या नृत्यसंगीताचा इतिहास नव्याने सांगितला जातोय, आणि त्यात ग्कॉमच्या वाट्याला बहुधा हे एकच वाक्य येतं. मला ते वाक्य आता सहन होत नाही.

ग्कॉमच्या आधीचा रस्ता वाचकांना ठाऊक आहे. शिकागोचं हाउस सोवेटोत पोचलं, तिथल्या पोरांनी त्याची लय खाली आणली, वर टाउनशिपच्या बोलीतले बोल चढवले आणि क्वाइतो झाला. बूम शाका, आर्थर माफोकाटे, टीकेझी, मग २००० सालचं मंडोझाचं ‘न्कालाकाथा’. वर्णभेदी राजवट संपल्यावर मोठ्या झालेल्या पिढीचा आवाज म्हणून त्याचं कौतुक पुरेसं झालेलं आहे. डीजे ब्लॅक कॉफीच्या हाउसला २०२२ साली ग्रॅमी मिळालं. ते सफाईदार आहे आणि सफाईपलीकडे त्यात काही नाही. लुआंडाचा कुडुरो आणि दार-ए-सलामची सिंगेली यांनी वेगाचं शस्त्र केलं. सिंगेलीत तर मिनिटाला दोनशेहून जास्त ठोके पडतात आणि ऐकणाऱ्याला विचार करायला फुरसत मिळत नाही. त्या वेगाचा मला आदर आहे. पण वेगाने जे साधतं त्याच्या बरोबर उलट गोष्ट डर्बनमध्ये घडली.

२०१०च्या आसपास उमलाझी, क्वामाशू, इनांडा, न्टुझुमा, क्लेरमाँट या टाउनशिपमध्ये ती सुरू झाली. डर्बनचा स्वतःचा क्वाइतो आधीपासून होता. उमलाझीचे ‘बिग नूझ’, डीजे टीराची ‘आफ्रोटेनमेंट’ ही कंपनी, जोरकस गाणी, हाउसची सरळ चाल. त्याच गल्ल्यांतल्या शाळकरी वयाच्या मुलांनी त्या सरळ चालीला हात घातला आणि तिच्यातून एकेक गोष्ट काढून टाकायला सुरुवात केली.

काय काढलं ते नीट पाहायला हवं, कारण सगळा वाद तिथेच आहे. हाउस म्हणजे चारही मात्रांवर पडणारी किक. ती आहे म्हणून नवखा माणूसही पाच सेकंदांत नाचू लागतो. ग्कॉमने ही हमी काढून घेतली. अनेक रचनांत आठ मात्रांचे तीन, तीन, दोन असे तुकडे पडतात. पहिला ठोका समेवर येतो, पुढचे दोन अपेक्षेपेक्षा आधी किंवा उशिरा, आणि जिथे कानाने पाय ठेवलेला असतो तिथे काहीच नसतं. मग बास गेला. त्याची जागा किकच्या लांबलेल्या घुमाऱ्याने किंवा एकाच खालच्या स्वराने घेतली. स्वरसंगती बदलणं थांबलं. गाणंही गेलं. उरला एखादा तुटका उद्गार, श्वास, शिट्टी, दोन अक्षरांची हाळी, पुन्हापुन्हा. पार्श्वभूमीला तंतुवाद्यांसारखा एक ताणलेला आवाज, जो कुठेही सुटत नाही. सहा मिनिटं हेच चालतं आणि तरी त्यात दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी घडत असतं: एक टाळी येते, दोन आवर्तनांनी निघून जाते, घुमारा अचानक कापला जातो.

न वाजलेली मात्रा नाहीशी होत नाही. ती नाचणाऱ्याच्या अंगात वाजते. ग्कॉमवरचा भेंगा नाच पाहिला की हे कळतं. कंबर आणि गुडघे नेमके त्या रिकाम्या जागेवर उतरतात, म्हणजे रचनेचा एक भाग शरीराने पुरा करायचा असतो. संगीतकाराने तो सोडलेलाच असतो त्यासाठी. हे अपघाताने होत नाही. कुठली मात्रा सोडली तर शरीर ती उचलेल आणि कुठली सोडली तर नुसता गोंधळ होईल, याचा अंदाज शेकडो चुकलेल्या रचनांतून येतो.

डीजे लॅग, म्हणजे लवाझी ग्वाला, क्लेरमाँटचा. त्याची ‘आइस ड्रॉप’ आणि ‘सिक्स्टीन्थ स्टेप’ असलेली पहिली ईपी २०१६ साली लंडनच्या ‘गून क्लब ऑलस्टार्स’ने काढली, त्याच लेबलने आदल्या वर्षी रूडबॉईझची काढली होती. ‘आइस ड्रॉप’मध्ये सुरावट म्हणावं असं जवळपास काही नाही. थोडेसे थंड, टोकदार आवाज आणि त्यांच्यामध्ये अंतर. माझ्या मते या शतकात नाचासाठी केलेल्या संगीतात इतकी नेमकी रचना फार थोडी आहे. रूडबॉईझचा हात जड आहे, त्यांच्याकडे घुमारा जास्त, धमकी जास्त. ग्रिफिट विगो संथपणे फासळ्या दाबत नेतो. हे तिघे एकाच वस्तीसमूहातले, एकाच सॉफ्टवेअरवर काम करणारे, आणि तीन वेगळ्या वृत्तींचे संगीतकार आहेत. ‘डर्बनचा आवाज’ असं म्हटलं की हा फरक पुसला जातो.

या संगीताचं पहिलं सभागृह म्हणजे डर्बनची मिनीबस टॅक्सी. मागे दणदणीत स्पीकर, रंगवलेल्या काचा, आणि ज्या गाडीत चांगलं संगीत तिच्यातच चढायचं असं ठरवून थांबलेली शाळेची पोरं. नवी रचना चालकाच्या हातात पडली की दुपारपर्यंत ती शहरभर फिरायची. बाकीचा प्रवास व्हॉट्सॲपच्या गटांतून आणि ‘कासीएमपीथ्री’सारख्या संकेतस्थळांवरून. रेडिओ बराच काळ या वाटेला गेलाच नाही. पत्र्याच्या त्या लहानशा पेटीत भरगच्च संगीत लावलं तर चिखल होतो. ग्कॉम तिथे लख्ख ऐकू येतं, कारण त्यात जागा ठेवलेली असते. ही मुलं आपल्या सभागृहाचा आवाज ओळखून रचना करत होती, आणि जगातला कुठलाही गंभीर संगीतकार हेच करतो.

२०१६ साली बेब्स वोडुमोचं ‘वोलोलो’ आणि पुढच्या वर्षी डिस्ट्रक्शन बॉईझचं ‘ओमुन्ये’ आलं, आणि ग्कॉम देशभर पोचलं. गाणी खणखणीत आहेत. पण बोल पुढे आले, रिकाम्या जागा भरल्या गेल्या, आणि ज्यासाठी हे संगीत ऐकावं तेच मागे सरकलं. ‘ब्लॅक पँथर’च्या २०१८च्या अल्बममध्ये बेब्स वोडुमोचा आवाज आहे, त्याच्याही आनंदात मी भर घालणार नाही.

आणि अमापियानो. मूळ प्रिटोरियाचं की जोहान्सबर्गचं हा तंटा या दोन शहरांच्या गाउटेंग प्रांतातल्यांनी मिटवावा. लॉग ड्रम, म्हणजे अमापियानोचा ठोकेदार बास, हा शोध मोठा आहे, तो रूढ करण्याचं श्रेय एमडीयू ऊर्फ टीआरपीला दिलं जातं आणि ते दिलंच पाहिजे. काब्झा डी स्मॉल आणि डीजे माफोरिसा यांचं २०१९चं ‘स्कॉर्पियन किंग्ज’ मी आजही ऐकतो. त्यात लॉग ड्रम अजून धोकादायक आहे, तो कधी कोसळेल याची खात्री नसते. त्यानंतर मात्र या शैलीत मऊपणाची स्पर्धा लागली. ‘प्रायव्हेट स्कूल’ म्हणून जी शाखा मिरवली जाते तिच्यातल्या जॅझच्या स्वरसंगती जॅझ ऐकणाऱ्याला शिळ्या वाटतात आणि न ऐकणाऱ्याला सुसंस्कृत. फेब्रुवारी २०२४मध्ये ग्रॅमीने आफ्रिकेसाठी पहिल्यांदा स्वतंत्र पुरस्कार दिला. पाच नामांकनांपैकी चार नायजेरियन गायकांना, त्यातल्या एका गाण्याचं नावच ‘अमापियानो’, आणि बक्षीस दक्षिण आफ्रिकेच्या टायलाला ‘वॉटर’साठी. पन्नासहून अधिक देशांच्या संगीताला एक खण मिळाला आणि त्यात जे मावलं ते सगळं गुळगुळीत होतं.

त्या खणात ग्कॉम नाही याचं मला दुःख नाही. ते का नाही, याची जी कारणं दिली जातात त्यांचा राग आहे. अमापियानो ‘प्रगल्भ’, ग्कॉम ‘कच्चं’. अमापियानोत ‘संगीत’ आहे, ग्कॉममध्ये ‘ऊर्जा’. आणि या सगळ्याच्या मुळाशी तोच संगणक.

तर त्या संगणकाबद्दल. अमापियानोही त्याच एफएल स्टुडिओवर घडलं. तशाच खोल्यांत, तशाच संगणकांवर. म्हणजे एकाच साधनातून एकीकडे स्वरसंगतींचे थर निघाले आणि दुसरीकडे जवळपास काहीच नाही. साधनाने हा फरक केला असं कोण म्हणेल? शिवाय सॉफ्टवेअरमध्ये भर घालायला काही खर्च येत नाही. व्हायोलिनचा ताफा हवा, बोट दाबा. पियानो हवा, पुन्हा दाबा. स्वस्तातल्या स्वस्त संगणकावरही दहा थर चढतात आणि हौशी मुलं ते चढवतातच. ज्या मुलाने हे सगळं हाताशी असताना तीन आवाज ठेवले आणि बाकीचे पुसले, त्याने निवड केली. त्याच्या निवडीला लाचारी म्हणणं हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

दुसरा दाखला डर्बनमधलाच आहे, आणि तो ग्कॉमवर लिहिणाऱ्यांना दिसत कसा नाही हे मला समजत नाही. गावाकडून कामाला आलेल्या झुलू पुरुषांनी तिथल्या कामगार वसतिगृहांत इसिकाथामिया गायकी वाढवली. शनिवारी रात्रभर चालणाऱ्या स्पर्धा, दहा-बारा माणसं, हलक्या पावलांचा नाच, आणि हातात एकही वाद्य नाही. एकही नाही! त्यातून लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझोसारखी दाट, मृदू, थरांवर थर असलेली स्वरसंगती आली. ती माणसं या मुलांपेक्षा कितीतरी गरीब होती. तुटपुंज्या साधनांतून उघडंबोडकं संगीत निघतं हा नियम खरा असता, तर इसिकाथामिया जन्मालाच आली नसती. त्याच प्रदेशाने, तशाच अभावात, एकदा भरून टाकायचं ठरवलं आणि एकदा रिकामं ठेवायचं.

‘वस्तीतलं आयुष्य काळोखं म्हणून संगीत काळोखं’ हे त्याच विचाराचं दुसरं तोंड. क्वामाशू आणि उमलाझी वर्णभेदी सरकारने माणसांना केटो मॅनरमधून उठवून तिथे नेऊन वसवण्यासाठी बांधली, हा इतिहास मी विसरायला सांगत नाही. पण त्याच घरांत रविवारी प्रार्थनागीतं होतात, मस्कांडीच्या गिटारी वाजतात. काळोख हा तिथे एक रंग आहे, आणि तो लॅगने उचलला कारण त्याला तो हवा होता. मराठीत ही चूक आपण करून बसलो आहोत. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, आणि त्यानंतर कितीतरी काळ नामदेव ढसाळांबद्दल लिहिणारे अनुभवाच्या दाहकतेपाशी थबकत राहिले. ओळ कुठे तोडली आहे, बोलींचे तुकडे एकमेकांवर कसे आदळवले आहेत, हे पाहायला आपण फार उशीर केला. ज्याचा अनुभव आपल्याला अनोळखी, त्याच्या कारागिरीकडे आपण पाहतच नाही.

आणि याची किंमत मोजावी लागते ती कलावंताला. युरोपच्या लेबलांनी ग्कॉम बाहेर नेलं, त्याबद्दल आभार. रोमच्या नान कोलेच्या ‘ग्कॉम ओ!’ने २०१६ साली काढलेलं संकलन नसतं तर डर्बनबाहेरच्या बहुतेकांनी यातलं काही ऐकलं नसतं. पण शहराच्या नावाने विकलं गेलेलं संगीत निनावी होत जातं. जमिनीतून निघालेल्या खनिजासारखं, कुणीही उचलावं. २०२१ साली मेगन राइटच्या ‘कल्चर’मध्ये ‘आइस ड्रॉप’ न विचारता वापरलेलं आढळलं आणि त्या गाण्यात सहभागी असलेल्या विल.आय.ॲमला जाहीर माफी मागावी लागली. मला ती घटना टीकाकारांच्या लिखाणापासून वेगळी काढता येत नाही. ज्या रचनेला आपण वर्षानुवर्षं परिस्थितीची उपज म्हणत आलो, तिच्यावर परिस्थितीखेरीज कुणाची मालकी आहे हे कुणाच्या ध्यानात कसं यावं?

ग्कॉम संपलं, असं अमापियानोचे भाट दर वर्षी सांगतात. ज्यांना शंका आहे त्यांनी फेलिमुंकासी ऐकावं. उमलाझीचे तिघे, मोर्चात उड्या मारत दिल्या जाणाऱ्या टोयी-टोयीच्या घोषणांची चाल त्यांनी ग्कॉमच्या तुटक्या तालावर आणली. युगांडाच्या ‘न्येगे न्येगे टेप्स’ने त्यांची २०१३ ते २०१९ची कामं एकत्र काढली, २०२२ला ‘आमा गोगेला’ आला. इथे आवाज आहेत, पण ते रिकामी जागा भरत नाहीत. ते तिच्या कडेने चालतात, एक बोलतो, दुसरा थांबतो, आणि किक दोघांनाही टाळून तिसरीकडे पडते. सवाल-जवाबाचं हे काम इतकं बारकाईचं आहे की त्याला ‘ऊर्जा’ म्हणणाऱ्याने ते ऐकलेलंच नाही.

दरम्यान गाउटेंगमध्ये गेल्या काही वर्षांत ‘थ्री-स्टेप’ नावाची शैली लोकप्रिय झाली आहे. थाकझिन हे तिच्यातलं मोठं नाव. चारातला एक ठोका वगळायचा आणि तीनवर चालायचं. चांगलं संगीत आहे, थाकझिनच्या कानाबद्दल मला शंका नाही. तिच्याबद्दल लिहिताना मात्र हेच टीकाकार तालाच्या घडणीविषयी बोलतात: वगळलेल्या ठोक्याने नाच कसा बदलतो, मोकळ्या जागेत स्वर कसे श्वास घेतात. हे सगळं खरं आहे, आणि हे सगळं २०१६ साली ‘आइस ड्रॉप’बद्दल लिहिता आलं असतं. गाउटेंगमध्ये, गुळगुळीत ध्वनिमुद्रणात किक वगळली तर तो विचार ठरतो. क्लेरमाँटच्या पोराने, त्याच्या आधी आणि त्याहून निर्दयपणे वगळली तर तो संगणकाचा दोष. लॅगची आणि थाकझिनची एकेक रचना शेजारी ठेवून, मात्रा मोजून, कुणी काय सोडलं आणि का सोडलं एवढंच ज्यात आहे असा एक लेख मला वाचायचा आहे, आणि त्यात कुणाच्या घरी कसला संगणक होता याचा उल्लेख आला तर तो दोघांच्याही बाबतीत आला पाहिजे.