कोष्टक आणि प्रक्षेप : एजंटने मांडलेल्या टिपणांविषयी

टिपण हा संशोधनाचा कच्चा माल मानला जातो आणि कदाचित म्हणूनच समीक्षेने त्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ग्रंथ छापून आला की टिपणवही अडगळीत जाते. परंतु टिपणे संगणकावर गेली आणि आता ती मांडण्याचे कामही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटकडे सोपविले जाऊ लागले, तेव्हा या दुर्लक्षित टप्प्याचा विचार करणे भाग आहे. ‘ऑब्सिडियन’ या टिपणलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एजंटांकडून कोष्टके करवून घेण्यासाठी जे साधन उपलब्ध झाले आहे, त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम साधनाचे स्वरूप पाहू. ऑब्सिडियनमधील प्रत्येक टिपण ही वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर असलेली मार्कडाऊन पद्धतीची साधी मजकूर-फाइल असते. टिपणाच्या माथ्यावर ‘लेखक’, ‘वर्ष’, ‘विषय’ असे गुणधर्म लिहिता येतात. २०२५ मध्ये या सॉफ्टवेअरमध्ये ‘बेसेस’ ही सोय आली. तिच्यामुळे या गुणधर्मांचे रकाने होतात आणि प्रत्येक टिपण एक ओळ होऊन कोष्टकात उभे राहते. कोष्टकाची व्याख्याही यॅमल या लेखनपद्धतीतील एका छोट्या फाइलमध्ये असते : कोणती टिपणे घ्यावयाची याची गाळणी, आकडेमोडीची सूत्रे, रकान्यांचा क्रम. त्याच वर्षी अँथ्रोपिक कंपनीने ‘स्किल’ ही कल्पना मांडली. एखादे काम कसे करावे याच्या लेखी सूचना एका फोल्डरमध्ये ठेवावयाच्या आणि एजंटने गरजेनुसार त्या वाचावयाच्या, एवढीच ती कल्पना आहे. ऑब्सिडियनचे प्रमुख स्टेफ अँगो यांनी त्यानंतर अशी स्किल्स गिटहबवर खुली केली. त्यांतील एक बेसेसच्या फाइली लिहिण्याचे आहे.

या साधनाचा एक मोठा गुण प्रारंभीच मान्य केला पाहिजे. एजंटने केलेले कोष्टक येथे बंद पेटीत राहत नाही. फाइल उघडून कोणती गाळणी लावली, कोणते सूत्र वापरले, हे डोळ्यांनी वाचता येते आणि खोडताही येते. अँगो यांनी २०२३ मध्ये ‘सॉफ्टवेअरपेक्षा फाइल मोलाची’ अशा आशयाची भूमिका मांडली होती. तिच्याशी हे सुसंगतच आहे.

स्किलचा भर मात्र रचनेच्या शुद्धतेवर आहे. अवतरणचिन्हे कोठे द्यावीत, दोन तारखांच्या वजाबाकीतून दिवस कसे काढावेत, हे तेथे शिकविले जाते. हे कोष्टकाचे व्याकरण झाले. कोणते रकाने असावेत हा प्रश्न व्याकरणाचा नाही आणि त्याचे उत्तर नकळत उदाहरणांतून मिळते. कामांची यादी, वाचनयादी ही तेथील उदाहरणे कचेरीच्या जगातली आहेत. स्थिती, मुदत, प्राधान्य हे रकाने तेथे शोभतात. अभंगांवरील टिपणांना ‘स्थिती : पूर्ण’ असा रकाना लागला, तर नेमके काय पूर्ण झाले असे समजावयाचे?

जॅक गुडी या मानवशास्त्रज्ञाने १९७७ च्या आपल्या ‘द डोमेस्टिकेशन ऑफ द सॅव्हेज माइंड’ या ग्रंथात कोष्टकाचीच झडती घेतली आहे. मौखिक समाजांतील प्रतीके अभ्यासक दोन रकान्यांत मांडतात, तेव्हा मुळात नसलेली स्थिरता त्यांना प्राप्त होते, हा त्याचा आक्षेप. प्रसंगानुसार अर्थ बदलणारी गोष्ट कोष्टकात एकाच घरात कायमची बसविली जाते. गुडीच्या काळी निदान रकाने आखणारा हात अभ्यासकाचा स्वतःचा होता.

मराठीच्या अभ्यासकाला ही अडचण अगदी जवळची आहे. समजा, प्राचीन मराठी ग्रंथांवरील टिपणांत ‘वर्ष’ हा गुणधर्म आहे. ज्ञानेश्वरीच्या टिपणात १२१२ आहे, कारण ते शके आहे. लीळाचरित्राच्या टिपणात १२७८ आहे, कारण तेथे ‘इ. स. च्या सुमारास’ असे मजकुरात लिहून केवळ आकडा वर उचलला आहे. वर्षक्रमाने लावलेल्या कोष्टकात ज्ञानेश्वरी आधी येईल. वस्तुतः ती इ. स. १२९० ची, म्हणजे नंतरची. शिवाय देवनागरी अंकांत लिहिलेले वर्ष यॅमलमध्ये संख्या ठरत नाही, नुसता मजकूर ठरते. त्यावर आकडेमोड चालत नाही. एजंट हुशार असेल तर तो शकाचे इसवी सन करील, अंकही बदलील. पण मिळवावयाचे ७८ की ७९ हे महिन्यावर अवलंबून असते आणि ‘सुमारास’ या शब्दाला तर संख्येच्या रकान्यात जागाच नाही. हा शब्द गेला की संशोधकाची सगळी साशंकता गेली.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. बेसेसचे कोष्टक स्वतः काहीच साठवत नाही. त्याच्या घरात केलेला बदल थेट मूळ टिपणाच्या माथ्यावर लिहिला जातो. त्यामुळे तीनशे टिपणांचे कोष्टक मागितले आणि निम्म्यांत ‘संप्रदाय’ हा गुणधर्मच नसेल, तर फाइली बदलण्याची मुभा असलेला एजंट टिपणे वाचून तो भरून टाकू शकतो. बहुतेक ठिकाणी त्याचे अनुमान बरोबरही असेल. परंतु महिन्याभराने टिपण उघडणाऱ्याला ‘वारकरी’ हा शब्द आपण लिहिला की एजंटने, हे सांगता येणार नाही. दोहोंचे अक्षर एकच आहे.

आपल्या परंपरेत या दोषाला नाव आहे : प्रक्षेप. नकलकाराने चांगल्या हेतूने घातलेली ओवी पुढच्या नकलेत ग्रंथकर्त्याची होते. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठशोधन करावे लागले, ते असाच मजकूर शिरल्यामुळे. तेथे ग्रंथकर्ता आणि नकलकार यांच्यात काळाचे अंतर तरी होते. येथे ग्रंथकर्ता जिवंत असतानाच, त्याच्याच सांगण्यावरून, त्याच्याच वहीत प्रक्षेप होतो.

यावर एजंटांना दूर ठेवणे हा उपाय प्रस्तुत लेखकाला पटत नाही. विखुरलेली टिपणे एका नजरेखाली येण्याचा लाभ खरा आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. मात्र स्किल हा शेवटी साधा मजकूर असल्याने त्यात भर घालता येते आणि ती कोणत्याही अभ्यासकाला प्रोग्रामरच्या मदतीवाचून घालता येईल. टिपणांत हात न घालता आहे त्याच गुणधर्मांचे कोष्टक करावे. रिकामे घर रिकामेच ठेवावे. अनुमान करावयाचेच असेल तर ते ‘एजंट_संप्रदाय’ अशा वेगळ्या नावाच्या गुणधर्मात लिहावे. शक आणि सन यांचे रकाने निराळे असावेत आणि वर्षाशेजारी ‘निश्चिती’ हा मजकुराचा रकाना असावा. या सूचना मराठीत लिहिल्या तरी आजचे एजंट त्या वाचू शकतात. विद्यापीठांतील मराठी विभागांनी आपापल्या शाखेसाठी अशी स्किल्स लिहून खुली केली, तर पाठचिकित्सेचा शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव त्यांना उपयोगी पडेल.