ऋण, वेतन आणि कृपा : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एका संकल्पनेविषयी

नारायण वामन टिळकांच्या (१८६१-१९१९) ख्रिस्ती काव्याची चर्चा करताना त्यांचे एक विधान आपल्याकडे वारंवार आधाराला घेतले जाते. आपण ख्रिस्तचरणांपाशी पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे टिळक सांगत. या विधानाने मराठी समीक्षेची मोठीच सोय झाली. टिळकांचे अभंग म्हणजे वारकरी अभंगाचाच एक विस्तार मानायचा, विठ्ठलाच्या जागी ख्रिस्ताचे नाव वाचायचे, आणि भक्ती, शरणागती, कृपा या संकल्पना दोन्हीकडे एकाच अर्थाने आल्या आहेत असे गृहीत धरून छंद-प्रतिमांच्या चर्चेकडे वळायचे, अशी ही वाचनपद्धती आहे. पुलाच्या पलीकडच्या काठावर नेमके काय आहे, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही. प्रस्तुत लेखात ‘कृपा’ या एकाच संकल्पनेच्या आधारे तो प्रश्न विचारून पाहावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. नव्या करारातील ‘खारिस’ या ग्रीक शब्दात देणगी, प्रसन्नता, लावण्य आणि कृतज्ञता असे अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. मराठी भाषांतरकारांसमोर प्रसाद, अनुग्रह, दया, कृपा असे पर्याय होते. ‘अनुग्रह’ गुरुपरंपरेतील दीक्षेशी बांधलेला, ‘प्रसाद’ नैवेद्याच्या ताटाशी. रूढ झाला तो ‘कृपा’. गोव्यातील कोंकणी प्रार्थनेतही तोच ‘कुर्पा’ होऊन नांदतो. परंतु ‘कृपा’चा मूळ कल कणवेकडे आहे, देणगीकडे नाही. हा हरवलेला अर्थ भरून काढण्यासाठी मराठी बायबलला ‘कृपादान’ असा समास योजावा लागला. त्याची घडण मराठीला अपरिचित नव्हती. ‘पसायदान’ म्हणजे प्रसाददानच. मात्र आळंदीचे हे दान वाग्यज्ञाच्या सांगतेला मागितलेले आहे. यज्ञ झाला, आता विश्वात्मक देवाने संतोष पावून द्यावे, असा त्यातील क्रम. पौलाच्या कृपादानाआधी कोणताही यज्ञ नाही. रचना सारखी असलेल्या दोन शब्दांत हे अंतर आहे, आणि केवळ कोश पाहून ते कळणार नाही.

देहू आणि आळंदी ही दोन्ही स्थाने इंद्रायणीकाठची. आज ती पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारीने वेढलेली आहेत. याच इंद्रायणीत तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते बुडविली, असे चरित्रपरंपरा सांगते. ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेचा मत्तयाने दिलेला पाठ मराठीत वाचला तर तेथेही ‘ऋण’ हाच शब्द भेटतो. आम्ही ऋणकोंना मोकळे केले आहे, तसे आम्हांला ऋणमुक्त कर, अशा आशयाची ती याचना आहे. एवढ्यावर साम्य सिद्ध झाले असे वाटू शकेल. पण वारकरी कल्पनाविश्वात ऋणको कोण, हे नीट पाहावे. तेथे देव भक्ताचा ऋणी आहे. तो जनाबाईबरोबर दळतो, श्रीखंड्या होऊन एकनाथांघरी पाणी वाहतो. तुकोबा तर त्याच्याशी भांडतात : आम्ही पतित आहोत म्हणूनच तुझे पतितपावन हे ब्रीद टिकून आहे, तेव्हा तू ते राखलेच पाहिजेस. ही कृपा नात्याच्या हक्काने वसूल केली जाते, आणि त्या वसुलीतच तिची गोडी आहे. पौल याच्या नेमके उलट बोलतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो विचारतो, की देवाला आधी काही देऊन त्याच्याकडून परतफेड मिळविणारा कोण आहे? त्याचा देव कोणाचेही देणे लागत नाही.

या दोन भूमिकांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचा येथे हेतू नाही. रूडॉल्फ ओटो यांनी १९३० साली भारतीय कृपाधर्म आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना करताना श्रीवैष्णवांचे मर्कटन्याय आणि मार्जारन्याय विचारात घेतले होते. आईला बिलगणारे वानराचे पिल्लू आणि आईने तोंडात धरून नेलेले मांजराचे पिल्लू हा तो भेद. तुकोबा या दोहोंत बसत नाहीत. त्यांचे पिल्लू आईशी वाद घालते.

पौलाच्या विचारातील दुसरे रूपक वेतनाचे. काम करणाऱ्याला मिळते ते त्याच्या हक्काचे, ती कृपा नव्हे, असे तो स्पष्ट म्हणतो. मराठी बायबलनेही पापाचे ‘वेतन’ आणि देवाचे ‘कृपादान’ हे शब्द एका वाक्यात समोरासमोर ठेवले आहेत. चाकण परिसरात शिकविणाऱ्याला हा विरोध निव्वळ धर्मशास्त्रीय वाटत नाही. वेतनकरार हा येथील घराघरांतला शब्द आहे. एकाच यंत्रावर कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी उभे असतात आणि त्यांच्या वेतनचिठ्ठ्या वेगळ्या असतात. अशा घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय, अध्याय २०) ठेवला, की तो बोधकथा राहत नाही. पहाटेपासून उन्हात राबलेल्याला एक दीनार आणि दिवस मावळताना मजूर अड्ड्यावरून उचललेल्यालाही एक दीनार! आधी आलेल्यांची कुरकुर विद्यार्थ्यांना न्याय्य वाटते, आणि मला वाटते ती तशी वाटलीच पाहिजे. ज्या वाचकाला या कथेत अन्याय दिसत नाही, त्याला तीतील कृपाही दिसणार नाही. मालकाच्या मर्जीला कृपा म्हणावयाचे काय, हा प्रश्नही तेथे उरतोच; दाखल्यातील मालक ठरलेल्या मजुरीत पैचीही काटछाट करीत नाही, हे त्याचे निदान अर्धे उत्तर आहे.

आता टिळकांकडे वळू. त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त गुरुमाउली आहे. या संबोधनाने त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला परक्या भाषांतरित गीतांच्या जाचातून सोडविले, ही कामगिरी असामान्यच. परंतु माउली म्हटले, की न्यायाचा आणि हिशेबाचा प्रश्न विरघळून जातो. आई लेकराला पाजते तेव्हा तेथे पात्रता-अपात्रतेचा विचारच नसतो. मग अपात्राला मिळणाऱ्या देणगीचा धक्काही उरत नाही. टिळकांच्या अभंगांत ऐक्याची ओढ उत्कट आहे. कृपेची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली आहे, ही क्रूसाची जाणीव मात्र, माझ्या मते, त्या मानाने फिकी आहे. पूल त्यांना पलीकडे घेऊन गेला, पण चालीतून सुटला नाही.

पंडिता रमाबाईंना (१८५८-१९२२) असा पूल मिळालाच नाही. आईवडिलांनी पुण्यसंचयासाठी तीर्थयात्रा, उपवास आणि दानधर्म यांत सर्वस्व वेचले आणि १८७०च्या दशकात उपासमारीने कुटुंब उद्ध्वस्त झाले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १८८३ साली बाप्तिस्मा घेऊनही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्या १९०७ च्या आत्मनिवेदनात म्हणतात. पुण्याचा ताळेबंद ज्यांनी मोडताना पाहिला, त्यांच्या लेखी कृपा म्हणजे हिशेबाच्या वहीतूनच सुटका. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सामान्य स्त्रियांना कळेल असे बायबल सिद्ध करताना संस्कृतप्रचुर भाषेविषयी त्यांनी दाखविलेला संशय या अनुभवाशी जोडून पाहण्यासारखा आहे.

तरीही या संकल्पनेचा सर्वांत खोल प्रत्यय ज्या ग्रंथात येतो, त्यात तिची चर्चा जवळजवळ नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) आपण विनोद, साधेपणा आणि प्रांजळपणा यांसाठी वाचतो. हाताशी असेल ते मागणाऱ्याला देऊन मोकळे होणारे टिळक तेथे आहेत, आणि रिकाम्या घरात उद्याची चूल कशी पेटवायची याची विवंचना करणाऱ्या लक्ष्मीबाईही. डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ साली ‘स्वस्त कृपा’ आणि ‘महाग कृपा’ असा भेद केला. ‘स्मृतिचित्रे’ त्याआधीच, कोणताही सिद्धांत न मांडता, देणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा हे दृश्य उभे करतात. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्याचे मोल प्रथम लक्ष्मीबाईंनी ताटातुटीने चुकते केले. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या पापमुक्तीच्या विवेचनाने पटून नव्हे. जातिभेद हा माणसाचा उद्योग आहे हे उमगल्यावर सोवळ्याची भिंत त्यांच्या मनात प्रथम कोसळली. अहमदनगरला प्लेगग्रस्त मुलींची शुश्रूषा करायला त्या स्वतःहून पुढे झाल्या, तो भाग वाचावा. तेथे कोणी कोणाचा ऋणी नाही, वेतन ठरलेले नाही, आणि केल्याचा डौलही नाही. निवेदनात भीती आहे, थट्टा आहे, कामाची धांदल आहे. ‘कृपा’ हा शब्द तेवढा नाही.

समीक्षेने लक्ष्मीबाईंना आत्मचरित्रकार म्हणून गौरविले आणि ख्रिस्ती विचाराचा प्रांत टिळकांच्या नावे करून दिला. ही वाटणी मला मान्य नाही. तिची तपासणी ‘ख्रिस्तायना’पासून करता येईल. १९३८ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा दोघेही हयात नव्हते. टिळकांच्या हातून त्याचे थोडेच अध्याय लिहून झाले. बहुतांश रचना त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी केली. पतीचा अपुरा ग्रंथ पुरा करणारी पत्नी, एवढ्यावर ही नोंद आपण संपवतो. लेखणी जेथे एका हातातून दुसऱ्या हातात जाते, त्या अध्यायापासून माउलीचे रूपक कसे वापरले जाते, ऋणकोचे आणि मळ्यातील मजुरांचे दाखले कोणत्या सुरात येतात, आणि कुरकुर करणाऱ्या पहिल्या मजुराला तेथे किती बोलू दिले जाते, हे ओवी ओवी पाहून तपासावे लागेल.