कल्पिताचा कायदा

नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपन्यांत काम करणारी विदर्भातली तरुण मंडळी फँटसी आणि विज्ञानपटांची जाणकार प्रेक्षक आहेत. खापरीच्या मेट्रोत आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांचे वाद रंगतात. ‘ड्यून’चा शेवट बदलायला हवा होता का, ‘तुंबाड’ मराठीत का निघाला नाही, आपल्याकडे बनलेल्या गेमला सवलतीचे गुण द्यावेत का, असे त्यांचे विषय असतात. आपली समीक्षा या वादांकडे पोरखेळ म्हणून पाहते. मला ते या कलेच्या प्रकृतीचे सर्वांत विश्वासार्ह निदान वाटतात.

या वादांत साधारण तीन पक्ष दिसतात. पहिला मूळ कृतीशी इमान राखणाऱ्यांचा. फ्रँक हर्बर्ट यांच्या 1965 च्या ‘ड्यून’ कादंबरीत नायक पॉलची प्रेयसी चानी शेवटपर्यंत त्याच्या बाजूने राहते. डेनी विल्नव यांच्या 2024 च्या चित्रपटात ती त्याच्याकडे पाठ फिरवून निघून जाते. काहींना हा पुस्तकाचा विश्वासघात वाटतो. हर्बर्ट यांनी तारणहारांविषयी दिलेला इशाराच त्यामुळे ठळक झाला, असे इतर म्हणतात. मी दुसऱ्या मताचा आहे. पुस्तकातली घटना बदलली तरी तिच्यामागचा विचार शाबूत राहिला आहे.

दुसरा पक्ष डोळे दिपवणाऱ्या दृश्यांचा, तर तिसरा त्या जगाच्या नियमांचा. या दोघांची खरी झुंज ‘स्टार वॉर्स’च्या ‘द लास्ट जेडाय’वर (2017) झाली. त्यात एक सेनानी आपले जहाज प्रकाशवेगाच्या उडीत शत्रूच्या ताफ्यावर आदळवते. दृश्य अप्रतिमच आहे. पण असे आदळवणे शक्य होते, तर आधीच्या चित्रपटांतल्या बंडखोरांनी इवल्या विमानांतून जीव धोक्यात का घातला? एका देखण्या क्षणासाठी दिग्दर्शकाने चाळीस वर्षांच्या कथेचा पाया सैल केला. इथे मी नियमवाल्यांच्या बाजूने उभा आहे. कल्पित जगात काहीही घडू शकते असे मानले, की कशाचीच भीती उरत नाही आणि कुणाच्याच त्यागाला किंमत राहत नाही.

ही शिस्त मराठीला परकी नाही. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवले. एक गोष्ट कल्पित धरायची आणि बाकी सारे विज्ञानाच्या चौकटीत ठेवायचे, हा त्यांच्या कथांचा बाणा राहिला. मंत्रतंत्राच्या गोष्टीलाही हेच लागू होते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’चा (1993) सांगाडा हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’चा आहे, तरी तो आजही पकड घेतो. बाहुलीत शिरलेल्या तात्या विंचू या गुंडाने आपले गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितले, त्याच्याच देहात त्याला शिरता येते. हा एक नियम प्रेक्षकाला कळला, की लक्ष्याचा पाठलाग करणारी बाहुली खेळण्यासारखी वाटत नाही.

त्याच 1993 साली विदर्भातल्या नागझिऱ्याच्या अभयारण्यात राही अनिल बर्वे यांनी मित्राच्या तोंडून नारायण धारपांची एक कथा ऐकली. त्या भीतीतून 2018 चा ‘तुंबाड’ उगवल्याचे त्यांनी सांगितले आहे. व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेलेला हा चित्रपट पहिल्या वेळी बेताचाच चालला. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत त्याला चाहत्यांनी जिवंत ठेवले होते. चित्रपटातल्या हस्तर या शापित देवाला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून तो पिठाच्या बाहुलीवर झडप घालतो आणि पिठाचे रिंगण त्याला ओलांडता येत नाही. नायक विनायकचा मुलगा जास्त सोन्यासाठी जास्त बाहुल्या न्यायची युक्ती काढतो, आणि तितकेच हस्तर उतरतात. शोकांतिका थेट नियमातून जन्मते. वाडा, पाऊस, सोवळ्यातली दारिद्र्याची कळा, सारे मराठी. भाषा मात्र हिंदी. ही खंत चाहते बोलून दाखवतात आणि ती रास्त आहे.

याउलट ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’वर (2023) टीझरपासून टीकेची झोड उठली. प्रदर्शन पुढे ढकलून दृश्यांवर पुन्हा काम झाले, प्रदर्शनानंतर संवादही बदलले. बहुतेकांनी ग्राफिक्सला दोष दिला. मला दुखणे खोल वाटते. त्यातल्या लंकेला स्वतःचा भूगोल, स्वतःचे शिल्प, स्वतःची रीत नव्हती. 1917 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘लंकादहन’ केला, तेव्हा त्यांच्या हाती कॅमेऱ्याच्या करामतींपलीकडे काही नव्हते. प्रेक्षक मारुतीच्या उड्डाणावर विश्वास ठेवून गेले. पैसा आणि संगणक विश्वास विकत आणू शकत नाहीत.

मराठी पडद्यावर प्रयत्न झाले, पण तुरळक. सुजय डहाके यांच्या ‘फुंतरू’ने (2016) विज्ञानकथेत प्रेम मांडले. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (2022) डोंबिवलीत झोंबी आणले आणि पाण्यावरून दुभंगलेली सोसायटी व झोपडपट्टी समोरासमोर उभी केली. त्याची विनोदाकडे घसरण काहींना खटकली. तरी भीतीला आपला पत्ता देणारा तो चित्रपट आहे, आणि तेच त्याचे मोल.

गेममध्ये पुण्याने पुढाकार घेतला. नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ला 2020 मध्ये द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळाले. तिचे वास्तुवैभव सर्वांना भावले. लढाईतला तोचतोपणा आणि तुटल्यासारखा शेवट अनेकांना सलला. सुपरगेमिंगच्या ‘इंडस’ने (2024) भारतीय वळणाचे भविष्य रंगवले, पण खेळण्याची रीत जुन्याच बॅटल रॉयलची ठेवली. शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम हे द्रव्य ताब्यात घेऊनही जिंकता येते, हा एकच नियम त्याला वेगळे करतो. असे आणखी हवे होते. आपला म्हणून गुण वाढवणे हे उपकार नव्हेत. त्याने पुढचा गेम कच्चा राहतो.

मिहान ही स्वतःच विज्ञानकथेची भूमी आहे. शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी या परिसरातली शेतजमीन विमानतळ आणि विशेष आर्थिक क्षेत्रासाठी गेली. तिथे आज विमानदुरुस्तीचे हँगर, सॉफ्टवेअर कंपन्या, एम्स आणि आयआयएम उभे आहेत. कुणाचे भविष्य कुणाच्या जमिनीवर बांधले गेले, या प्रश्नावर जगातली उत्तम विज्ञानकथा उभी राहिली आहे. ‘ड्यून’चा गाभाही तोच. हा प्रश्न मिहानच्या तरुणांच्या खिडकीबाहेर आहे आणि प्रोग्रामिंगचे कौशल्य त्यांच्या बोटांत आहे.

म्हणून त्यांना एवढेच सांगणे. वाद घाला, जोरात घाला. पण ग्राफिक्सला गुण देण्याआधी विचारा, या जगाचा कायदा कोणता आणि निर्मात्याने तो शेवटपर्यंत पाळला का? ही कसोटी हॉलिवूडला लावता तशी मराठी कृतीलाही लावा. आणि लावण्याजोगी मराठी कृती सापडत नसेल, तर ती तुम्ही घडवा.