चित्तवृत्ती आणि हसतमुखपणा : ‘स्मृतिचित्रे’चे एक पाळकीय वाचन

‘सकारात्मक दृष्टिकोन’ हा शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत आपल्या व्यासपीठांवर इतका रुळला आहे की तो पवित्र शास्त्रातलाच असावा असे ऐकणाऱ्यास वाटावे. तो शास्त्रातला नाही. त्याची वंशावळ शोधू गेल्यास ती न्यूयॉर्कचे पाळक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकापर्यंत सहज जाऊन पोहोचते. मनाला चांगल्या विचारांची सवय लावावी, अपयशाचे चित्र मनात येऊच देऊ नये आणि शास्त्रवचने पुनःपुन्हा घोकून आत्मविश्वास वाढवावा, असा त्या पुस्तकाचा एकंदर उपदेश आहे. त्याने अनेक खचलेल्या जिवांना उभारी दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या उपदेशात श्रद्धा हे एक तंत्र होऊन बसते आणि तंत्र फसले की दोष ते वापरणाऱ्याच्या माथी येतो. जिचे मूल नुकतेच दगावले आहे अशा मातेस ‘दृष्टिकोन बदला’ असे सांगणारा उपदेशक तिच्या दुःखात अपराधाची भर घालून परत येतो. प्रस्तुत लेखाचा विषय निघाला तो या अडचणीतून.

वडोद्याच्या पश्चिमेस गोत्री नावाचे गाव होते. आज ते शहराचाच एक भाग होऊन गेले आहे. या बाजूस राहणारी मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत. गायकवाडी अमदानीपासून या नगरात मराठीचा वावर आहे. पुढे १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि इतरही उद्योग आले, तेव्हा नोकरीनिमित्त आणखी माणसे आली. वडीलधाऱ्यांची प्रार्थना मराठीत, मुलांची शाळा गुजरातीत किंवा इंग्रजीत, आणि उपदेश बहुधा चलचित्रफितीवरून ऐकलेला, कोठल्या तरी दूरच्या व्यासपीठावरचा. त्या उपदेशांत हा ‘सकारात्मक दृष्टिकोन’ ठासून भरलेला असतो. अशा घरांतून फिरताना मनात येई, की मराठी ख्रिस्ती परंपरेने या बाबतीत स्वतःचे असे काही दिले आहे की नाही? दिले आहे, आणि ते एखाद्या ईश्वरविज्ञानाच्या ग्रंथात नसून लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, असे माझे मत आहे. मात्र ते पुस्तक आपण ज्या रीतीने उपदेशात वापरतो, ती रीत मला मान्य नाही.

प्रथम शास्त्राकडे वळू. या विषयावर बोलताना फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र हटकून उघडले जाते, आणि ते योग्यच आहे. या छोट्या पत्रात ‘फ्रोनेइन’ हे ग्रीक क्रियापद दहा वेळा आले आहे. विचार करणे, मनाचा कल ठेवणे, एखाद्या गोष्टीकडे मन लावणे, असा त्याचा अर्थपट आहे. दुसऱ्या अध्यायातील पाचव्या वचनात आपल्या मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘चित्तवृत्ती’ हा शब्द योजला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पतंजलीच्या योगसूत्रांमुळे हा शब्द मराठी वाचकास परिचित होता. तेथे चित्तवृत्तींचा निरोध अभिप्रेत आहे. पौलास निरोध नको आहे. ख्रिस्ताच्या ठायी जी वृत्ती होती तिने आपल्या मनात घर करावे, असे तो सुचवतो. ती वृत्ती कोणती? पुढच्याच ओळींत तो सांगतो : रिक्त होण्याची, दास होण्याची, वधस्तंभापर्यंत खाली उतरत जाण्याची. म्हणजे पौलाच्या लेखी वृत्तीची निवड ही वर चढण्याची शिडी नव्हे.

आणि हाच पौल त्याच पत्रात आपले दुःख झाकीत नाही. एपफ्रदीत मरणोन्मुख झाला होता. तो वाचला नसता तर दुःखावर दुःख कोसळले असते, असे तो उघड कबूल करतो. बंदिवासाचा फायदा घेऊन काही जण हेव्याने उपदेश करीत आहेत, हे त्यास ठाऊक आहे. युवदीया व सुंतुखे यांचे पटत नाही, हे तो मंडळीसमोर नावानिशी मांडतो. चौथ्या अध्यायात, असेल त्या स्थितीत तृप्त राहण्यास आपण शिकलो, असे तो म्हणतो, तेव्हा त्याने ‘आउटार्केस’ हा स्तोइक तत्त्वज्ञांचा आवडता शब्द घेतला आहे. स्तोइकांचा आउटार्केस हा स्वयंपूर्ण पुरुष. त्यास कोणाची गरज नाही. पौल तो शब्द घेतो आणि लगेच त्याचा कणा मोडतो, कारण आपले बळ दुसऱ्याकडून येते असे तो म्हणतो, आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरे केले, असे फिलिप्पैकरांस कळवतो. तेरावे वचन भिंतीवर टांगणारे आपण चौदावे वचन वाचत नाही. तृप्त माणसास मदतीची गरज उरत नाही, हा गैरसमज तेथेच दूर झाला असता. शिवाय ‘शिकलो’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. ही वृत्ती पौलास दमास्कसच्या वाटेवर एका क्षणात लाभली नाही; उपवास, फटके, जहाजफुटी यांच्या शाळेत ती अंगी बाणली.

आता ‘स्मृतिचित्रे’. हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, म्हणजे पहिला भाग वाचकांच्या हाती पडला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती आणि नारायण वामन टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. ही गोष्ट समीक्षकांनी पुरेशी विचारात घेतलेली नाही. पुस्तकातील प्रसिद्ध हसू हे प्रसंगाच्या वेळचे हसू नाही. ते स्मरणाचे हसू आहे. सोवळ्याच्या वेडाने बाजारातून आलेले मीठसाखरसुद्धा धुऊन घ्यायला लावणारे वडील, सासऱ्यांचा जाच, कोणास न सांगता घरातून निघून जाणारा पती, दत्तूच्या आधीची दगावलेली मुले : या साऱ्यांत त्या वेळी हसण्याजोगे काही नव्हते, आणि होते असे लक्ष्मीबाई भासवीतही नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. ती वार्ता आल्यानंतरची पाने वाचावीत. तेथे आक्रोश आहे, संताप आहे, लोकांचे टोमणे आहेत, पंढरपूरचे पोरकेपण आहे. लहान मुलाला घेऊन सुमारे पाच वर्षे पतीवाचून काढलेल्या बाईने तेथे ‘देवाची योजना’ असे म्हणून एकही अश्रू पुसलेला नाही.

आपल्या उपदेशांत मात्र याच लक्ष्मीबाई ‘नेहमी हसतमुख ख्रिस्ती स्त्रीचा आदर्श’ म्हणून येतात. सारे गाळून केवळ विनोद सांगितला जातो. विनोदाखालचा काळोख वगळला म्हणजे जे उरते ते लक्ष्मीबाईंचे नव्हे. ते पील साहेबांचे होते.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे एक लक्षण असे, की त्याचा पहिला घाव त्यांच्या स्वतःवर पडतो. आपले अज्ञान, आपला हट्ट, आपले सोवळे, आपली फजिती यांवर त्या मनमोकळ्या हसतात. मग पतीकडे वळतात, आणि मग जगाकडे. ज्याने स्वतःस हसून घेतले आहे त्याचे दुसऱ्यास हसणे बोचत नाही. या क्रमात मला एक प्रकारची पापकबुली दिसते, जरी त्या शब्दाचा त्यांनी तेथे उपयोग केलेला नाही. त्यांच्या आनंदी वृत्तीचे मूळ मी आशावादात शोधणार नाही. ते या नम्रतेत आहे.

दुसरे, त्यांच्या आयुष्यातील वृत्तिपालटाचा जो खरा क्षण, तो पाहण्यासारखा आहे. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. त्यांची चूल निराळी होती. राहुरीस असताना त्यांच्या मनात विचार आला की पशुपक्ष्यांत देवाने जाती केल्या तशा माणसांत केल्या आहेत काय? स्त्री आणि पुरुष यांपलीकडे त्यांस भेद दिसेना. मग त्यांनी ठरवले की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे व प्यायचे. आपल्या विषयाच्या दृष्टीने या प्रसंगाइतके मोलाचे स्थळ मराठी ख्रिस्ती वाङ्मयात दुसरे मला माहीत नाही. येथे दृष्टिकोन बदलला आहे हे खरे. परंतु तो मनातल्या मनात बदलून राहिला नाही. तो पाण्याच्या भांड्यात आणि भाकरीच्या तुकड्यात उतरला. ब्राह्मण घरात वाढलेल्या स्त्रीस यासाठी काय मोजावे लागले असेल, याची कल्पना आजच्या वाचकास सहज येणार नाही. आणि हा पालट त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. बाप्तिस्मा १९०० साली झाला. कृपा विधीच्या पुढे धावते, हे सिद्धान्त म्हणून शिकवताना आपण जे उदाहरण शोधतो ते येथे तयार आहे. पुढे दुष्काळातील अनाथ मुले घरात आली, नगरला प्लेगने आजारी मुलींची शुश्रूषा करण्याची वेळ आली, तेव्हा जुने सोवळे मध्ये आले नाही.

काही पाळकबंधूंची या पुस्तकाविषयी अशी तक्रार असते, की त्यात साक्ष कमी आणि संसार फार. लेखिका आपल्या तारणाविषयी थोडक्यात बोलते आणि हरवलेल्या पैशांविषयी सविस्तर. मला ही तक्रार उथळ वाटते. ख्रिस्ताची चित्तवृत्ती संसाराच्या हिशेबात दिसली नाही तर ती अन्यत्र कोठे दिसणार?

तरीही या पुस्तकाचे सरसकट गुणगान करणे हे समीक्षकाचे काम नाही. माझा खरा आक्षेप येथे आहे. टिळक हे मोठे कवी, मोठे भक्त. उद्याची चिंता न करण्याची येशूची आज्ञा त्यांनी अक्षरशः घेतली. पगार हाती आला की तो घरापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नसे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही कल्पना साकार करण्याचा यत्न केला. त्यांची ती निश्चिंतता खरी होती, परंतु तिची किंमत लक्ष्मीबाई भरीत होत्या. एकाचा विश्वास आणि दुसऱ्याची ओढाताण, असा हा प्रपंच होता. एका माणसाची सकारात्मक वृत्ती पुष्कळदा घरातील दुसऱ्या माणसाच्या चिंतेवर उभी असते, हे सत्य ‘स्मृतिचित्रे’ पानोपानी दाखवते. पण लेखिकेचा लोभस विनोद ते दाखवता दाखवता त्याची धार बोथट करतो. वाचक हसतो आणि टिळकांना क्षमा करून मोकळा होतो. क्षमा करण्याचा अधिकार लक्ष्मीबाईंचा होता. तो त्यांनी वापरला. आपल्याला तो कोणी दिला?

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. नवऱ्याच्या व्यसनाने किंवा मारहाणीने गांजलेली स्त्री पाळकाकडे येते, तेव्हा तिला लक्ष्मीबाईंचे नाव सांगून परत पाठवण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. ‘त्यांनी बघा, हसत हसत सारे सोसले.’ हे पुस्तकाचे अपवाचन आहे आणि त्या स्त्रीवर अन्याय आहे. मुळात टिळकांचा विक्षिप्तपणा आणि मारहाण या एका तागडीत घालण्याच्या गोष्टी नव्हेत. व्हिक्टर फ्रँकल यांच्या नावाचाही असाच दुरुपयोग होतो. ऑश्विट्झसह नाझींच्या छळछावण्यांत काढलेल्या दिवसांवर त्यांनी १९४६ साली पुस्तक लिहिले आणि माणसापासून सर्व काही हिरावले तरी परिस्थितीकडे कसे पाहावे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य उरते, असा विचार मांडला. तो विचार तारांच्या कुंपणाआड जन्मला, जेथे दुसरे कोणतेही स्वातंत्र्य शिल्लक नव्हते. जे दुःख टाळता येते ते टाळावे, ते निष्कारण सोसण्यात वीरत्व नाही, हेही फ्रँकल यांनीच सांगितले आहे. जेथे दार उघडे आहे तेथे कैद्याचे तत्त्वज्ञान सांगणे म्हणजे दार बाहेरून लावून घेणे होय.

म्हणून धर्मशिक्षकांस माझी एक व्यवहारी सूचना आहे. या विषयावर वर्ग घ्यावयाचा असेल तेव्हा फिलिप्पैकरांच्या पत्रासोबत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे. त्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो; शेवटी स्तुतीचा सूर येईल म्हणून वाट पाहणाऱ्याची निराशा होते, आणि तरी मंडळीने ते आपल्या प्रार्थनासंग्रहात ठेवले आहे. ज्याच्या मुखात हसू येत नाही त्यालाही देवाशी बोलण्यास शब्द आहेत, हे ऐकणाऱ्यास कळू द्यावे. त्यानंतर ‘स्मृतिचित्रे’तील टिळकांच्या धर्मांतराची वार्ता, पंढरपूरचे दिवस आणि राहुरीचा प्रसंग अशी तीन स्थळे याच क्रमाने वाचावीत, विनोदी प्रसंग मागाहून. क्रम उलटला की सारे बिघडते. वाचन शक्यतो एखाद्या स्त्रीकडून व्हावे आणि चर्चेची सुरुवातही स्त्रियांनी करावी. टिळकांविषयी त्यांची मते आपल्याहून कडक निघाल्यास पाळकांनी मध्ये पडू नये.

पुस्तकाची प्रत मिळवताना संक्षिप्त आवृत्तीवर समाधान मानू नये. छाटणीत बहुधा रंजक प्रसंग टिकतात आणि कंटाळवाणी दुःखे जातात. आपल्याला हवी आहेत ती नेमकी हीच. ज्या घरांतील मुलांस मराठी वाचणे जड जाते, त्यांच्यासाठी शांता गोखले यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१७ साली प्रसिद्ध झाले आहे. गोत्रीसारख्या ठिकाणी आजीने मूळ पुस्तक वाचावे आणि नातीने भाषांतर, आणि मग दोघींनी एकमेकींस प्रश्न विचारावेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या घरी परत का गेल्या, हा नातीचा पहिला प्रश्न असेल, असे मला वाटते. त्याचे उत्तर आजीने घाईने देऊ नये.