प्राथमिक शाळेतील ग्रंथालय उपक्रम : कपाटापासून कोपीपर्यंत
(नांदूरघाट परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना :

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे बालाघाटाच्या परिसरातील गाव. या भागातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून असल्याने अनेक कुटुंबे वर्षाचा मोठा काळ ऊसतोडणीसाठी गावाबाहेर काढतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कोयत्याची जोडी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याकडे निघते आणि गाळप हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. अशा परिसरातील प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाचा विचार या स्थलांतराला वगळून करता येत नाही. तथापि शालेय ग्रंथालयांविषयीच्या आजवरच्या योजना पाहता त्यांच्या मुळाशी वर्षभर एकाच गावी, एकाच शाळेत राहणारे मूल गृहीत धरलेले दिसते. ग्रंथालय उपक्रम कालबाह्य झाल्याची तक्रार करताना बोट सहसा जीर्ण पुस्तकांकडे आणि संगणकाच्या अभावाकडे दाखविले जाते. या दोन्ही उणिवा खऱ्या आहेत; परंतु ऊसतोडणीच्या मुलखात उपक्रमाची सर्वांत मोठी कालबाह्यता या गृहीतकात आहे.

योजनांचा वारसा :

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली. किमान दोन वर्गखोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य ही तिची त्रिसूत्री होती व त्या साहित्यात पुस्तकांचा समावेश होता. ज्या शाळांत पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद दुर्मीळ होता, तेथे या मोहिमेने पुस्तक पोहोचविले, हे तिचे श्रेय मान्यच करावे लागेल. पुढे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे बंधन घातले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार पाच हजार ते वीस हजार रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली.

अशा रीतीने तीन दशकांत शालेय ग्रंथालय हे मोहिमेतील साहित्याच्या पातळीवरून कायदेशीर हक्काच्या पातळीवर आले. प्रगती निःसंशय आहे. मात्र यशाचे माप फारसे बदलले नाही. पुस्तके खरेदी झाली का, नोंद झाली का, कपाट आहे का, हे प्रश्न तपासणीत सहज विचारता येतात. एखादे पुस्तक वर्षभरात किती घरांत जाऊन आले, या प्रश्नाला तसे स्थान मिळालेले नाही.

कपाटाची मानसिकता :

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र ग्रंथ उपयोगासाठी असल्याचे सांगते. शालेय व्यवहारात मात्र ग्रंथ ही प्रथम शासकीय मालमत्ता ठरते. साठा नोंदवहीत चढलेले पुस्तक मुख्याध्यापकाच्या जबाबदारीचे होते. बदलीच्या वेळी कार्यभार देताना प्रत्येक प्रत दाखवावी लागते. हरवलेल्या प्रतीचे उत्तर द्यावे लागते. न वाचल्या गेलेल्या प्रतीचे उत्तर मात्र कोणी मागत नाही. अशा व्यवस्थेत कपाटाला कुलूप लावणारा शिक्षक वाचनाचा शत्रू असतोच असे नाही. नियमांनी त्याला जे शहाणपण शिकविले, ते तो पाळत असतो. प्राथमिक शाळेला स्वतंत्र ग्रंथपालाचे पद नाही, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. देवघेवीचे काम अध्यापन, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणे यांच्या गर्दीत उरलेल्या वेळेवर चालते.

यावर पहिला उपाय खर्चिक नाही. फाटणे, भिजणे, हरवणे ही बालवाचनाची स्वाभाविक किंमत आहे असे मानून दरवर्षी संग्रहाचा काही भाग सुलभ रीतीने निर्लेखित करण्याची मुभा शाळेला द्यावी. जीर्ण झालेले पुस्तक हा निष्काळजीपणाचा पुरावा मानला जाण्याऐवजी वापराचा पुरावा मानला गेला, तर कुलूप आपोआप सैल होईल.

दिनदर्शिकेतील विसंगती :

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. हेतू स्तुत्य आहे. परंतु नांदूरघाटसारख्या परिसरात हाच काळ टोळ्यांच्या निघण्याच्या तयारीचा असतो. ज्या आठवड्यांत मुलाच्या हाती समारंभपूर्वक पुस्तक दिले जाते, त्याच्या आसपासच ते मूल बैलगाडी किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसणार असते आणि जाण्यापूर्वी पुस्तक परत घेणे हे शाळेच्या दृष्टीने कर्तव्य ठरते. वाचनाची ओळख आणि वाचनाशी ताटातूट एकाच वेळी घडते. पहिली-दुसरीत नुकतेच अक्षर जुळवू लागलेले मूल पाच-सहा महिने छापील मजकुरापासून दूर राहिले की त्याचे वाचन पुन्हा मुळाक्षरांपाशी येण्याची भीती असते. तिसरीपर्यंत पायाभूत साक्षरता साधण्याचे उद्दिष्ट २०२१ च्या निपुण भारत अभियानाने ठेवले आहे. ते या मुलखात साधावयाचे असेल, तर हा खंड लक्षात घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

मागे राहणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा, पण तितकाच महत्त्वाचा आहे. हंगामी वसतिगृहांच्या योजनेत आई-वडील तोडणीला गेलेली मुले आजी-आजोबांकडे वा नातलगांकडे राहून शाळेच्या आधाराने शिकतात. त्यांना पुस्तकाची सोबत सर्वाधिक हवी असते ती संध्याकाळी. आणि शाळेचे ग्रंथालय नेमके त्या वेळी बंद असते.

पूर्वसुरींचा मार्ग :

ग्रंथ वाचकाकडे नेण्याची कल्पना मराठी माणसाला नवी नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे जन्मलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यास पाचारण केले आणि राज्यात ग्रंथालयांचे जाळे उभारले. तेथील फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेडोपाडी जात. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाड परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यामागील विचार होता. साखर कारखान्यांच्या परिसरात चाललेल्या साखरशाळाही त्याच विचाराच्या वारसदार होत्या.

या परंपरेच्या प्रकाशात आधुनिकीकरणाचा अर्थ स्पष्ट होतो. गाव सोडणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर चार-पाच पुस्तकांची पिशवी जावी. एकाच तळावर जाणाऱ्या मुलांच्या पिशव्यांत वेगवेगळी पुस्तके असावीत, म्हणजे कोपीकोपीतून त्यांची अदलाबदल होईल. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची व्यवस्था आहे; त्याच पत्रकावर ग्रंथालय सदस्यत्वाची नोंद असावी, म्हणजे तळाजवळच्या शाळेतूनही मुलाला पुस्तक मिळू शकेल. गावात मागे राहिलेल्या मुलांसाठी पुस्तकांची पेटी वसतिगृहाच्या जागी संध्याकाळी उघडी राहावी.

ग्रंथनिवड आणि पडदा :

पिशवीत कोणती पुस्तके असावीत, हा प्रश्न वाङ्मयीन आहे. केवळ थोरांची चरित्रे आणि बोधकथा यांनी नवा वाचक घडत नाही. एनसीईआरटीने २००८ मध्ये काढलेल्या ‘बरखा’ या हिंदी मालिकेत चाळीस छोटी पुस्तके चार पातळ्यांत विभागलेली आहेत. अशी क्रमिकता मराठी संग्रहातही हवी. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत साधे घरगुती जग चित्र आणि शब्द यांच्या समान भागीदारीतून उभे राहते. मोठ्या मुलांसाठी ल. म. कडू यांचे ‘खारीच्या वाटा’ (साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार, २०१७) खेड्यातील बालपणाला साहित्याची प्रतिष्ठा देते. मात्र पाचटाचा वास, भल्या पहाटेची तोड आणि धाकट्या भावंडाला सांभाळणारी बहीण मराठी बालसाहित्यात अजून पुरेशा ताकदीने आलेली नाही. ग्रंथनिवड समित्यांनी लेखकांपुढे ही मागणी ठेवावयास हवी.

संगणकीय साधनांचे स्थान नाकारण्याचे कारण नाही. बालभारतीने १९७१ पासून चालविलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक महाजालावर उपलब्ध झाले आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मुक्त परवान्याची बालपुस्तके मिळतात. परंतु तळावरचा मोबाइल बहुधा वडिलांच्या किंवा मुकादमाशी बोलणाऱ्याच्या हाती असतो, आणि त्याचे चार्जिंग हीच एक अडचण असते. म्हणून पडदा पुस्तकाला पूरक ठरेल. त्याची जागा घेणार नाही.

समारोप :

पुस्तकांच्या पिशवीने स्थलांतर थांबणार नाही. कोपीत दिव्याची सोय अपुरी असते, मुलांना कामाला हात लावावा लागतो, आणि वसतिगृह वा नियमित शाळा यांना ती पिशवी पर्याय होऊ शकत नाही. तसा तिचा उपयोग करून घेणे ही मुलांची वंचनाच ठरेल. तिचे कार्य मर्यादित आहे : शाळा तुटली तरी वाचन तुटू नये. कायद्याने ग्रंथालय दिले आहे ते इमारतीला नव्हे, तेथे नाव असलेल्या मुलाला. ते मूल वर्षातले पाच-सहा महिने जेथे राहते, तेथपर्यंत ग्रंथालय पोहोचते की नाही, हीच नांदूरघाट परिसरातील शालेय ग्रंथालय उपक्रमाची यापुढील कसोटी होय.