'घरी' आणि 'मुंबईस' : एका शीर्षकाची चिकित्सा

सातारा जिल्ह्यातील सुगाव या खेड्यावरील हेमलता दांडेकर यांचा 'मेन टू बॉम्बे, विमेन ॲट होम' हा ग्रंथ १९८६ साली मिशिगन विद्यापीठाच्या वतीने प्रसिद्ध झाला. १९४२ ते १९८२ या काळात मुंबईच्या ओढीने गावात काय घडले, हा त्याचा विषय. ग्रंथ मोलाचा आहे. शंका आहे ती शीर्षकाविषयी. त्यात पुरुषांच्या वाट्यास गती आली आहे, स्त्रियांच्या वाट्यास केवळ स्थिती. मराठीत हा भेद टिकत नाही. 'ती घरी आहे' आणि 'तो घरी गेला', दोहोंत रूप एकच. शिवाय कुणब्याच्या 'घरच्या कामा'त निंदणी-कापणीही येते. 'घरी राहिलेली' म्हणजे चुलीपाशी राहिलेली नव्हे.

अधिक बोलका शब्द 'कारभारीण'. मराठीतील '-ईण' हा प्रत्यय द्व्यर्थी आहे. 'पाटलीण' ही पाटलाची बायको. 'मास्तरीण' मात्र स्वतः शिकविणारीही असू शकते. नवरा परगावी गेल्यावर 'कारभारीण' पहिल्या अर्थाकडून दुसऱ्याकडे सरकते काय, हाच खरा प्रश्न होय.

गोंदिया जिल्ह्यातील देवरीचा धानाचा, जंगलाचा मुलूख येथे उपयोगी पडावा. रोवणी तेथे स्त्रियांचीच, नांगर पुरुषाचा. पुरुष नसता नांगरट, चिखलणी मोलाने करून घ्यावी लागते, आणि तो व्यवहार ठरविणे तिच्याकडे येते. नांगर न धरता नांगरटीचा निर्णय तिचा होतो. परंतु सातबारावर नाव बहुधा त्याचेच. २००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहितांच्या बाबतीत हक्काचा दाखला पतिपत्नींच्या संयुक्त नावे देण्याची तरतूद केली, ही देवरीसारख्या वनप्रदेशात लहान गोष्ट नव्हे. तथापि दाखल्यावरील नाव म्हणजे शब्दाला मान, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

त्यातही पूर्व विदर्भातून मिरचीच्या तोडणीसाठी स्त्रियाही तेलंगणात जातात. मग 'घरी' उरते ती सासू, आणि शीर्षकाची जोडीच मोडते.

सुगावचा अभ्यास १९८२ साली थांबतो. त्याच वर्षी १८ जानेवारीस मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला आणि पुढे अनेक कामगार गावी परतले. परतलेल्याने कारभार परत घेतला काय, हे त्या कालमर्यादेत तपासता येण्याजोगे नव्हते. देवरीच्या अभ्यासकाने आरंभ तेथूनच, परतीच्या हंगामापासून करावा.